आधी बसा, मग उतरा

एप्रिल उजाडला की या सदराला येणारी पत्रं ठरलेली असतात. मुलाला कोणत्या वयात पोहायला टाकावं, क्लोरीनने केस जातात का, कानात गेलेलं पाणी कसं काढावं. यंदा मात्र निम्मं टपाल समुद्राचं आहे. अर्ध्या नागपूरने मे महिन्यात कोकण-गोवा गाठायचं ठरवलेलं दिसतंय. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझं माहेर मालवणजवळ देवबागला आणि सासर नागपुरात, महाल या जुन्या भागात. सव्वीस वर्षं इथल्या एका तरणतलावावर पोहायला शिकवतेय. त्यामुळे नागपूरचा माणूस समुद्राशी कसा वागतो आणि मग समुद्र त्याच्याशी कसा वागतो, दोन्ही मी जवळून पाहिलंय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघे भाऊ, दोघांचे संसार आणि आई-बाबा मिळून अकरा जण मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन गाड्या घेऊन तारकर्लीला चाललोय. पहाटे निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचू, संध्याकाळ समुद्रावर घालवू. बरोबर काय काय न्यावं याची यादी द्याल का? – एक वाचक, मानेवाडा

यादी देते, पण आधी ती संध्याकाळ बघू. हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, शेवटी घाटाची वळणं, तुम्ही दोघे भाऊ गाडी चालवून आंबलेले आणि पोरं आत कोंडलेली. दार उघडलं की ती सुटणार. आमच्या देवबागच्या अंगणातून मी हे कितीदा पाहिलंय. एमएच ३१ किंवा ४९ची गाडी थांबते, चपला गाडीतच राहतात आणि पाचव्या मिनिटाला अख्खं कुटुंब कमरेएवढ्या पाण्यात. दिवस मावळायला अर्धा तास उरलेला, किनाऱ्यावर मदतीला चिटपाखरू नाही आणि मोठी माणसं इतकी दमलेली की पोरं मोजायचंही कुणाला सुचत नाही. पहिल्या संध्याकाळी नुसतं वाळूत बसा. पाण्यात उतरायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि दुसऱ्या दिवशीही आधी बसायचंच. (आपल्याकडे 'बसणं' कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते नव्हे. ते झालं असेल तर त्या दिवशी पाण्याकडे फिरकूच नका. घेतलेल्याला अंतर कळत नाही, थंडी कळत नाही आणि आपल्याला काही कळत नाहीये हेही कळत नाही.)

माझे बाबा रापणकर. रापण म्हणजे तीस-चाळीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. जन्म पाण्यात गेला, पण रोज सकाळी किनाऱ्यावर आले की बाबा होडीच्या सावलीत बसून एक विडी संपेपर्यंत नुसते समुद्राकडे बघायचे. मी घाई केली की म्हणायचे, "बस गो आधी. दर्याक बघ. मगे जा." विडी सोडून बाकी सगळं मी उचललं. वीस मिनिटं बसा. लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत ते बघा. लाटा एका मापाने येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांमागून तीन-चार मोठ्या येतात, आणि त्या मोठ्यांनी वाळू कुठपर्यंत ओली केली तिथेच तुमची खरी हद्द. सामान, चपला, आजी-आजोबांच्या खुर्च्या त्या ओल्या रेषेच्या बऱ्याच वर. वाळूचा उतार बघा. उतार तीव्र असेल तर लाट अंगावर आपटते आणि दोन पावलांत तळ सुटतो. गावची माणसं कुठे आंघोळ करतायत ते बघा. ती एखाद्या ठिकाणी उतरत नसतील तर त्याला कारण असतं. आणि ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना, नाहीतर जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांना सरळ विचारा, "आज इथे उतरावं का? कुठपर्यंत?" समुद्रावरची सगळ्यांत कामाची चौकशी हीच, आणि तिला पैसे पडत नाहीत.

मे महिना म्हणून आणखी एक. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि तरी लाटा मोठ्या, असं मेमध्ये होऊ शकतं. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी आणि तिथे रोज सकाळी ते बघा. इशारा असेल त्या दिवशी मालवणच्या बाजारात जा, सोलकढी प्या.

आता यादी. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावलेला, त्याच्या कडीला बांधलेली पंधरा मीटर दोरी. हसू नका. वैदर्भी माणूस कॅनशिवाय प्रवासाला निघत नाही, तोच कॅन कुणी गटांगळ्या खात असेल तर फेकायला कामी येतो. धरून तरंगणाऱ्याला किनाऱ्यावरून ओढून घेता येतं. एक शिट्टी. मुलांना भगवे, पिवळे, पोपटी असे भडक कपडे. निळा किंवा राखाडी रंग पाण्यात दिसतच नाही. थर्मासभर गरम पाणी आणि एक चिमटा (कशाला ते पुढच्या एका पत्रात येईल). पिण्याचं पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. हवेच्या ट्यूब, बदकं, गाद्या घरीच ठेवा. तलावात त्या बऱ्या. समुद्रावर वारा जमिनीकडून सुटला की पोरगं बदकासकट आत जातं आणि आपण टाळ्या वाजवत असतो.

अकरा जणांत एक पहारेकरी नेमा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने. त्याने पाण्यात जायचं नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही, फक्त डोकी मोजायची. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासच पुरत नाही, तर आवाज कुठून येणार? दहा फुटांवरचं मूल गुपचूप जातं. पोहता न येणाऱ्या मोठ्यांनी मांडीपर्यंत, मुलांनी गुडघ्यापर्यंत, तेही हात धरून. आणि हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घाला: ११२ कुठल्याही मदतीला, १०८ रुग्णवाहिकेला, १५५४ तटरक्षक दलाला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पंचांगावरून भरतीची वेळ काढता येते असं कोकणातले एक सहकारी सांगत. हे खरं, की गप्पा? – एक आजोबा, प्रतापनगर

खरं, आजोबा. आणि हिशेब तुमच्या आवडीचा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. तिथून सुकती लागते (तुमची ओहोटी, आमची सुकती), नऊ-सव्वानऊला पाणी सगळ्यांत खाली आणि दुपारी साडेतीनच्या आतबाहेर पुन्हा भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. पाऊणच का? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. त्याचा सोपा आकडा पाऊण तास. मात्र हा ठोकताळा मुंबई-कोकणाचा, तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून. जगन्नाथपुरीला नेऊ नका. आणि मुलं पाण्यात असताना ठोकताळ्यावर भागवू नका, त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर सहज मिळतं.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी त्या मानाने शांत. मुंबईच्या बाजूला उधाणात पाण्याची चढउतार साडेचार मीटरच्या घरात जाते, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मी. लहान मुलं घेऊन जायचं असेल तर अष्टमी-नवमीकडचे दिवस धरा. आपल्याकडे मुहूर्त सगळ्याचे बघतात, समुद्राचाच कुणी बघत नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. भरती-सुकतीचे सहा तास सारख्या वेगाने जात नाहीत. चढणाऱ्या किंवा उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग हलतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जागा बदलतं. ऑफिसच्या वेळी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर जो लोंढा असतो, तोच हिशेब. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोन्हींचा संगम. सुकतीच्या मधल्या तासांत तिथे नदी आणि खाडीचं पाणी एकदमच समुद्राकडे निघतं. वरून दिसतं काय, तर गुडघाभर नितळ पाणी आणि फोटोला सुंदर वाळू. आमच्यातला कुणी त्या वेळी तिथे पाय घालत नाही. नदी किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे डुंबायचं नाही. याला अपवाद नाही.

खडकांवर किंवा एखाद्या कड्याखालच्या लहानशा पुळणीवर सुकतीत चालत गेलात, तर परतायची वेळ आधी ठरवून जा. पाणी मागून येतं आणि वाट बंद करतं. आजोबांनी हा मोह टाळलेलाच बरा, शेवाळ असतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज दीड किलोमीटर पोहतो. मित्रांबरोबर गोव्याला जातोय. तिथले लाइफगार्ड सारख्या शिट्ट्या मारून मागे बोलावतात. चांगलं पोहता येणाऱ्यांनीही त्यांचं ऐकायचं का, बाई? – धरमपेठ

हो.

पत्र इथेच संपवता आलं असतं, पण तू दीड किलोमीटर पोहतोस म्हणून थोडं लिहिते. त्या दीड किलोमीटरमध्ये तू कितीदा भिंतीला हात लावतोस ते मोज. तळाला निळी पट्टी असते, पाणी जागचं हलत नाही, दमलास तर दोन हातांवर दोरी. यातलं समुद्रात काहीच नाही. तलाव तुला पोहायला शिकवतो. समुद्र कसा ओळखायचा ते तलाव शिकवत नाही, आणि हे मी स्वतः तलावावर शिकवून पोट भरणारी बाई सांगतेय.

लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, ते कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या उंचवट्यात जिथे खिंड सापडते तिथून ते एका चिंचोळ्या पट्ट्यात जोरात आत जातं. आम्ही त्याला नुसती 'ओढ' म्हणतो. आता ती दिसते कशी ते नीट वाच. डावीकडे-उजवीकडे लाटा फुटून पांढरा फेस, आणि मध्येच एक गडद, गुळगुळीत पट्टा, जिथे लाट जवळजवळ फुटतच नाही. कधी त्यात गढूळ वाळू किंवा फेसाचे पुंजके आत जाताना दिसतात. नवखा माणूस हे बघून म्हणतो, "तिकडे चला रे, तिकडे पाणी शांत आहे." मुलांना घेऊन बरोबर तिथेच उतरतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि काठावरून घसा बसेपर्यंत ओरडलेय.

जोरात असली तर ही ओढ सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाते, म्हणजे शंभर मीटर चाळीस सेकंदांत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम झाला तो ४६.४० सेकंदांचा. तुझी वेळ तू मला कळव. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस जातो तो तिच्याशी भांडून, किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारून दमल्यामुळे. सापडलास तर पाठीवर तरंग, एक हात वर कर, ओरड. दम आला की किनाऱ्याला समांतर, आडवा पोह. पट्टा अरुंद असतो. लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर तिरका बाहेर ये. जमत नसेल तर नुसता तरंगत राहा. ओढ पुढे जाऊन आपोआप ढिली पडते आणि शिट्टीवाल्याने तुला एव्हाना पाहिलेलं असतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. अंधार पडला की त्यांचा मनोरा रिकामा होतो, तेव्हा तूही पाण्याबाहेर.

मला तुझ्यापेक्षा तुझ्या मित्रांची काळजी आहे. त्यांतल्या किती जणांना पोहता येतं? तू आत गेलास की ते तुझ्या भरवशावर छातीभर पाण्यात येणार. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी गेले. आणि हे समुद्रावरच होतं असंही नाही, आपल्या वेणा जलाशयात जुलै २०१७मध्ये नाव उलटून आठ तरुण गेले ते तुला आठवत असेल.

कुणी सापडलंच तर पाठोपाठ उडी नाही. बुडणारा माणूस शिडीसारखा वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. लांब काही देता येतं का बघ, तरंगणारं काही फेक, लाइफगार्डला हाक मार. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबायचं नाही, पालथं घालून गरगर फिरवायचं नाही, उलटं टांगायचं नाही. पाठीवर झोपवून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यायचे. बुडालेल्याला पहिली गरज हवेची. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचाच. छातीवर दाब कसे द्यायचे ते निघण्याआधी तलावावर येऊन शिकून जा. संध्याकाळी सहा ते सात, मी असते. मित्रांनाही आण.

प्रश्न : मुलं सात आणि दहा वर्षांची. आम्ही नागपूरचे, उन्हाचं भय नाही, पण जेलीफिश चावली तर काय करायचं? – एक आई, हुडकेश्वर

उन्हाचं भय नाही, हेच वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं. मान्य आहे. २३ मे २०१३ला ४७.९ अंश सोसलेलं आपलं गाव, आपल्याला तेहतीस-चौतीस अंशांचं कोकण काय करणार? पण तुमच्या घरात कूलर आहे ना? त्याची खस ओली होते, कोरडा वारा त्यातून जातो, पाणी सुकतं आणि हवा गार होते. तोच कूलर मी हौसेने देवबागला नेला होता. आठवडाभर चालवला. भिंतींना ओल आली, पापड मऊ पडले आणि उकाडा तसूभर हलला नाही. हवाच पाण्याने भरलेली, तिथे आणखी पाणी सुकणार कुठे? आपल्या अंगाचा घाम म्हणजे तोच कूलर. नागपुरात तो सुकतो म्हणून आपण टिकतो. कोकणात तो नुसता वाहतो, अंग गार होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जात राहतं. म्हणून दुपारी अकरा ते चार सावलीत. मुलं तहान लागल्याचं सांगायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाने पाजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. यापेक्षा जास्त मीठ नको. ऊन वाळूवरून आणि फेसावरूनही उलटून येतं, त्यामुळे टोपी घातली तरी हनुवटी आणि मान भाजतात. सनस्क्रीन तीस एसपीएफचं किंवा वरचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. नाहीतर आपला नागपुरी दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. तो क्रीमपेक्षा भरवशाचा, पुसला जात नाही.

आता जेलीफिश. ती चावत नाही, तिच्या धाग्यांचा डंख लागतो. वाळूवर मरून पडलेलीही डंख करते, म्हणून निळा फुगा दिसला म्हणून उचलायचा नाही. हे निळे फुगे पावसाळ्यात जास्त येतात. डंख झाला तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. गोड्या पाण्याने उरलेले डंखही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि मग तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ते अर्धा तास ठेवा. थर्मास त्यासाठी सांगितला होता. आधी स्वतःच्या मनगटावर बघा, मुलाला भाजायला नको. (कुणीतरी अनुभवी काका लघवी लावायचा सल्ला देतील. त्यांना चहा द्या आणि दूर बसवा.) धाप लागली, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर १०८.

वाळूत दबून बसणारी वागळीही असते, मुंबईकडे तिला पाकट म्हणतात. २०१३च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर बऱ्याच भाविकांना तिचा काटा लागला होता. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. चाहूल लागली की ती स्वतःच निघून जाते. काटा लागलाच तर गरम पाणी आणि थेट डॉक्टर. खोल रुतलेला काटा घरी उपटू नका.

प्रश्न : आमची गाडी फोर बाय फोर आहे. वाळूत उतरवली तर चालेल का? – वर्धमाननगर

नाही. आमच्याकडे दर मोसमात एखादी तरी रुतते. मग पाणी चढायला लागतं, मालक नारळाच्या झावळ्या चाकाखाली घालत असतो आणि ट्रॅक्टरवाला शांतपणे भाव सांगतो. त्या वाळूत कासवांची घरटी असतात हे निराळंच.

प्रश्न : पॅरासेलिंग, बनाना राइड वगैरे करताना लाइफ जॅकेट देतातच. मग पोहता न येणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही ना? – बेसा

देतात, पण काय देतात ते बघा. चार वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला असं जॅकेट चढवलं की तीनपैकी दोन बकल तुटलेली आणि तिसऱ्याच्या जागी सुतळी. मी बोट दाखवलं तर जॅकेट चढवणारा मुलगा म्हणाला, "काकू, पाच मिनिटांचं तर काम आहे." आम्ही उतरलो, पैसे परत मिळाले नाहीत. जॅकेट घातल्यावर सगळी बकलं लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी ते खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलायला सांगा. कानांपर्यंत आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात अंगातून वर निघेल. आतला फोम दगडासारखा कडक किंवा चुरा झालेला असेल तर दुसरं मागा. मुलांना मोठ्यांचं जॅकेट नकोच. बोटीत किती माणसं घेतायत ते मोजा. मे अखेरीपासून समुद्र बिघडतो, हे खेळ बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. त्या काळात कुणी "आपलीच होडी आहे, चला" म्हणालं, तर तो फुकट नेत असला तरी महागच पडेल.

प्रश्न : मी सहावीत आहे. समुद्रावरून शंख-शिंपले घरी आणले तर चालतात का? – एक विद्यार्थिनी, गोपालनगर

किती छान विचारलंस! रिकामी, फुटकी शिंपली दोन-चार आणलीस तर चालेल. पण शंख उचललास की आधी तळहातावर ठेव आणि अजिबात हलू नकोस. मनात पन्नास मोज. बऱ्याचदा आतून दोन काळे डोळे बाहेर येतात आणि केसाळ पाय तुझ्या हातावर गुदगुल्या करत निघतात. तो शंखात राहणारा खेकडा. त्याला स्वतःचं घर बांधता येत नाही, रिकामे शंख शोधून तो त्यात राहायला जातो आणि मोठा झाला की घर बदलतो. आपण पिशवीभर शंख आणले तर त्याला भाड्याने खोली मिळणार नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र वाळलेले मिळाले तरी घ्यायचे नाहीत, विकतही नाही. कायद्याने ते संरक्षित आहेत.

आणखी एक गंमत. ऑलिव्ह रिडले नावाची कासवं हिवाळ्यात रात्री कोकणातल्या किनाऱ्यांवर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००६पासून त्यांचा महोत्सवच होतो. पिल्लं उजेडाकडे धावतात, रात्री समुद्र उजळ दिसतो म्हणून तिकडे. आपण टॉर्च लावला की ती उलटी आपल्याकडे येतात. म्हणून रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद.

तुझ्या बाबांना आणि काकांना माझा एक निरोप दे. खर्र्याच्या (आपल्या नागपुरी तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या खिशात ठेवायच्या. मागच्या दिवाळीत देवबागच्या वाळूत मला सात सापडल्या, आणि त्या पन्न्या कुठल्या गावाहून आल्या हे ओळखायला मला पंचांग लागलं नाही.

प्रश्न : सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार. त्यांना पाण्यात पाय भिजवू द्यावेत की लांबूनच दाखवावा? – एक सून, कामठी

अहो, भिजवू द्या! फक्त तुम्ही एका बाजूला आणि तुमचे यजमान दुसऱ्या बाजूला, आणि दंड धरायचा, बोटं नाही. लाट मागे फिरते तेव्हा टाचांखालची वाळू सरकते आणि वाहत्या पाण्याकडे बघून भोवळ येते, पहिल्यांदा येणाऱ्याला तर हमखास. त्यांना पायाकडे नाही, लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. घोट्याच्या वर पाणी नको. लुगडं असेल तर आधी नीट वर खोचून घ्या, ओलं लुगडं पायात अडकतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर प्लास्टिकची खुर्ची ओल्या रेषेच्या वर ठेवा. पाण्यात ठेवाल तर तिचे पाय रुतून ती कलंडते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. सकाळच्या गोळ्या आणि न्याहारी चुकवू नका.

माझ्या सासूबाई १९९६मध्ये पहिल्यांदा देवबागला आल्या. महालाच्या वाड्यात जन्म गेलेला, पाणी म्हणजे विहीर आणि फार तर अंबाळ्याचा तलाव. दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं मीठ कोनं टाकलं व माय?" परत निघताना त्यांनी एका बाटलीत ते पाणी भरून घेतलं. गाडीत दोन रात्री ती बाटली उशाशी होती. घरी आल्यावर वाड्यातल्या सगळ्या बायकांनी चमचा-चमचा चाखून पाहिलं, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तर, अजूनही पटत नाही म्हणून, दुसरा चमचा मागितला.